सहलीची धर्मयात्रा : गिरीजहून कान्हेरीला

दिवाळीचे वहीपूजन होते, लाभपंचमीला दुकाने पुन्हा सुरू होतात, हवेत थोडा गारवा येतो आणि व्यापारी घरांतून एक मागणी हमखास पुढे येते : एखाद्या रविवारी सहकुटुंब कुठेतरी जाऊन येऊ या. वसई परिसरात जागांची वाण नाही. समुद्रकिनारे आहेत, रिसॉर्ट आहेत. परंतु सकाळी निघून सूर्यास्तापूर्वी घरी परतता येईल, मुलांचे पाय मोकळे होतील आणि परतताना मनात काही शिल्लक राहील, असे ठिकाण शोधू गेल्यास दृष्टी खाडीपलीकडच्या डोंगराकडे वळावी. ते ठिकाण म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी.

तो तर बौद्ध विहार, जैन कुटुंबाने तेथे पाहावे काय, असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतील. त्याचे उत्तर गिरीजच्या शेजारीच सापडलेल्या दगडांत आहे.

सोपाऱ्याचे दोन दगड

गिरीजहून जवळच असलेले नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरील एक श्रीमंत बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले आणि मातीच्या भिक्षापात्राचे लहान तुकडे मिळाले. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक भाग हाती लागला. पुढे १९५६ मध्ये गिरीजलगतच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा भाग सापडला.

आठव्या लेखाचा विषय प्रवास हाच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकार व करमणूक यांसाठी, निघत असत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधिस्थानी जाऊन धर्मयात्रा सुरू केली, असे अशोक सांगतो. श्रमणांचे व ब्राह्मणांचे दर्शन, त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, जनपदातील लोकांशी धर्माविषयी संवाद ही त्या यात्रेची अंगे. नवव्या लेखात दासांशी व सेवकांशी नीट वागणे आणि प्राणिमात्राविषयी संयम यांनाच खरे मंगल कार्य म्हटले आहे. हा विचार जैन घराला परका वाटण्याचे कारण नाही.

शूर्पारकाचे नाव जैन परंपरेतही आदराने घेतले जाते. दीर्घ दुष्काळाच्या काळात आर्य वज्रस्वामींचे शिष्य वज्रसेनसूरी येथे आले. श्रेष्ठी जिनदत्ताच्या घरी पैसा होता, पण धान्य नव्हते. लक्ष मुद्रा मोजून मिळवलेल्या तांदळात विष कालवून सर्व कुटुंबाने देह ठेवावा, अशा तयारीत श्राविका ईश्वरी बसली होती. गोचरीसाठी आलेल्या मुनींनी तिला थांबवले. लक्षमूल्य अन्नाची भिक्षा मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल, हे गुरुवचन त्यांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी धान्याची गलबते बंदराला लागली. पुढे त्या कुटुंबाने दीक्षा घेतली. नागेंद्र, चंद्र, निर्वृत्ति आणि विद्याधर या चार पुत्रांच्या नावांनी चार कुळे प्रवर्तली. त्यांपैकी चंद्रकुळाशी आजचे अनेक गच्छ आपले मूळ जोडतात.

धन असूनही अन्न मिळू नये, हा अनुभव ज्या बंदराने घेतला, त्याच बंदराचे व्यापारी खाडी ओलांडून कान्हेरीच्या डोंगरात दान देत होते.

खाडीपलीकडे

गिरीजहून बसने वसई रोड स्थानक गाठावे आणि तेथून बोरिवलीला थांबणारी लोकल धरावी. नायगाव सुटले की गाडी खाडीच्या पुलावर येते. मुलांना येथे खिडकीपाशी बसवावे. उल्हास नदीचे पाणी याच खाडीने समुद्राला मिळते आणि त्या नदीकाठी कल्याण हे दुसरे मोठे प्राचीन बंदर होते. पलीकडची भूमी म्हणजे साष्टी. सोपारा आणि कल्याण या दोन बाजारपेठांना जवळचा असा हा डोंगर होता. भिक्षूंना एकांत मिळत होता आणि भिक्षेसाठी वस्तीही फार दूर नव्हती.

बोरिवली स्थानकाच्या पूर्वेस उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. याच परिसरात पोदनपूरच्या टेकडीवर भगवान आदिनाथ, भरत आणि बाहुबली यांच्या भव्य मूर्तींचे त्रिमूर्ती दिगंबर जैन मंदिर आहे. प्रथम तेथे दर्शन घेऊन पुढे निघावे. प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत आहेत.

दगडात कोरलेली दानवही

कान्हेरी हे कृष्णगिरी या नावाचे बदललेले रूप. काळ्या दगडाच्या या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकामाला प्रारंभ झाला आणि सुमारे एक हजार वर्षे येथे भिक्षूंची वस्ती राहिली. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे हा येथील मोठा चैत्य. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, दोन व्यापारी बंधूंनी तो खोदवला. आत चौतीस खांब आणि टोकाला स्तूप आहे. दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. त्या दात्या दांपत्यांच्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात.

पण व्यापारी कुटुंबाने विशेष लक्ष द्यावे ते भिंतींवरील ब्राह्मी लेखांकडे. हे लेख म्हणजे एक दानवहीच होय. दात्याचे नाव, त्याचा धंदा, त्याचे गाव आणि दिलेली वस्तू एवढा मजकूर मोजक्या शब्दांत कोरलेला असतो. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची टाकी दिली. सोपाऱ्याच्या नागपालित नावाच्या रत्नकारानेही टाकी दिली. कल्याणच्या एका लोहाराने वाट करून दिली. राजाने सर्व खर्च केला आणि प्रजेने पाहिले, असा प्रकार येथे दिसत नाही. ज्याला जेवढे झेपले तेवढे त्याने दिले. कोणी बसण्याचा ओटा दिला, कोणी राहण्याची खोली.

काही दाते त्याहून पुढचा विचार करणारे होते. त्यांनी ‘अखयनीवि’ ठेवली, म्हणजे मुद्दल कधीही मोडायचे नाही आणि उत्पन्नातून दरवर्षी ठरलेले काम करायचे. कल्याणच्या एका दात्याने मंगलठाण येथील शेत लावून दिले. ते स्थान म्हणजे आजचे बोरिवलीजवळचे मागाठाणे. त्या शेताच्या उत्पन्नातून भिक्षूंची वस्त्रे आणि पावसाळ्यातील मासिक खर्च भागावा, अशी व्यवस्था होती. पावसाळाच का, हे जैन वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. चातुर्मासात साधुभगवंत एका जागी स्थिर राहतात, तसाच बौद्ध भिक्षूंचा वर्षावास. त्या काळात श्रमणांची काळजी वाहणे हे दोन्ही परंपरांच्या श्रावकांचे कर्तव्य होते. संघाची कायम तिथी लिहून देणाऱ्या आजच्या कुटुंबांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

दानाची निवडही विचारपूर्वक केलेली होती. डोंगरावर कमी होती ती पाण्याची. पावसाळ्यात धबधबे वाहतात आणि उन्हाळ्यात खडक तापतो. म्हणून लेण्यालेण्यापाशी टाकी खोदली गेली आणि छतावरचे पाणी पन्हळींवाटे तिच्यात उतरवले गेले. सोपाऱ्याचे बंदर गाळाने भरले, रत्नकाराच्या पेढीचा मागमूस उरला नाही. डोंगरावर मात्र पाऊस झाला की दगडातल्या टाक्या आजही भरतात.

जैन राजाच्या राज्यात बौद्ध विहार

नवव्या शतकातील लेख जैन कुटुंबाला अधिक जवळचे वाटतील. त्यांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या राज्याचा आणि कोकणातील त्याच्या शिलाहार मांडलिकांचा उल्लेख येतो. अमोघवर्ष हा आदिपुराणकार आचार्य जिनसेनांना गुरुस्थानी मानणारा राजा. त्याच्याच राजवटीत, इसवी सन ८५३ च्या सुमारास, गौड देशाहून म्हणजे बंगालमधून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या बुद्धभक्ताने येथे ध्यानासाठी खोल्या व भिक्षूंची वस्त्रे यांकरिता शंभर द्रम्म ठेवले. राजा जिनभक्त, विहार बौद्ध आणि दाता परप्रांतीय. तरीही दान निर्वेधपणे चालू राहिले. अनेकान्ताचा पाठ पुस्तकातून शिकवला जातो. येथे तो राज्यकारभारात उतरलेला दिसतो.

पुढे भिक्षूंची वस्ती ओसरत गेली, त्या काळातील एक नोंद नव्वदाव्या लेण्यात आहे. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे पहलवी लिपीत कोरून ठेवली. आपला धर्म सांभाळून दुसऱ्याचे धर्मस्थान पाहायला आलेली ही माणसे एक हजार वर्षांपूर्वीची. वडीलधाऱ्यांच्या शंकेला याहून जुना दाखला कोणता द्यावा? भिंतीवर नाव कोरण्याचे तेवढे अनुकरण मात्र आज कोणी करू नये.

जयणा आणि वेळ

सोमवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवून दिवस ठरवावा. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो, परंतु शेवाळ आणि सूक्ष्म जीव पायाखाली येतात. जयणा पाळणाऱ्या कुटुंबाने कार्तिक पौर्णिमेनंतरचे दिवस निवडावेत. उकाळलेले पाणी, खाखरे, ठेपले असा सुटसुटीत डबा बरोबर घ्यावा. वानरे धीट असल्याने तो उघड्यावर सोडू नये आणि त्यांना खायलाही घालू नये. मंगल हेतूने दिलेला तो घासही वन्य जिवाची सवय बिघडवतो. कचरा परत आणावा. वृद्धांनी तिसऱ्या व अकराव्या लेण्यापर्यंत जावे, म्हणजे फार चढ लागत नाही. तरुणांनी खडकात कोरलेल्या पायऱ्यांनी वर जावे. दुपारी तीनच्या सुमारास परतीला लागल्यास चोविहार सांभाळता येतो.

मुलांना सर्व लेण्यांचे क्रमांक पाठ करायला लावू नयेत. एकेका लेखापाशी तीनच गोष्टी सांगाव्यात : देणारा कोण, कोठला आणि त्याने काय दिले. परतीच्या गाडीत, खाडीचा पूल लागला की, त्यांना एकच प्रश्न विचारावा : आपल्या घराने काही द्यायचे ठरवले, तर आज कोणाला कशाची खरी वाण आहे? उत्तर देताना मुले आधी आपल्या गावाकडे, संघाकडे आणि दुकानात राबणाऱ्या माणसांकडे पाहू लागतील. तसे झाले की त्या रविवारची धर्मयात्रा झाली असे समजावे.