हत्ती धावतो, की नुसता भरभर चालतो?

आजचा प्रश्न साधा आहे: हत्ती धावतो का?

धावणं म्हणजे चारही पाय क्षणभर हवेत, असं आपण धरून चालतो. जॉन हचिन्सन आणि सहकाऱ्यांनी थायलंडमध्ये ४२ हत्तींच्या सांध्यांवर रंगाचे ठिपके लावले, त्यांना पळवलं आणि व्हिडिओ काढले. हा अभ्यास २००३ साली छापून आला. वेग गेला ताशी २५ किलोमीटरपर्यंत, पण एक तरी पाय कायम जमिनीवर! मागचा भाग मात्र स्प्रिंगसारखा दबून वर येत होता, म्हणजे धावल्यासारखाच. थोडक्यात, बग हत्तीत नाही, आपल्या व्याख्येत आहे.

आता वजन. डोकं, सोंड, सुळे सगळं पुढे, म्हणून साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर. त्यामुळे पुढचा ठसा मोठा नि गोल, मागचा लांबट. आणि गंमत म्हणजे, हाडं पाहिली तर हत्ती चक्क चवड्यांवर उभा असतो! टाचेखाली चरबीची जाड गादी. तिला सहाव्या बोटासारखा एक हाडाचा टेकू असतो, हे हचिन्सन यांच्याच गटाने २०११ मध्ये दाखवलं. पाऊल टेकलं की गादी पसरते, उचललं की आकसते.

हे नुसतं कुतूहल नाहीये. काँक्रीटवर दिवसभर उभ्या असलेल्या पाळीव हत्तींच्या तळव्यांना भेगा पडतात, नखांत पू होतो. पायांच्या दुखण्यानं हत्ती मरतातसुद्धा. म्हणूनच त्यांना दाब मोजणाऱ्या पट्ट्यांवरून चालवून कुठे किती भार येतो ते बघतात.

डांबरी रस्त्यावर, मिरवणुकीत हत्ती दिसला, तर सेल्फीआधी त्याच्या नखांकडे बघा. काय दिसलं ते कळवा.