नळीभर रक्तात किती माग लागतो?
कर्करोगाची चाहूल : लेखांक ६

‘फुल बॉडी चेकअप’चा रिपोर्ट घेऊन बोरिवली-मुलुंडकडची मंडळी फॅमिली डॉक्टरकडे येतात, तेव्हा साखर-कोलेस्टेरॉल उरकलं की अनेकदा शेवटच्या पानावर बोट ठेवतात. तिथे सीईए नावाची ओळ असते. समोर आकडा २.१ आणि शेजारी ‘५ पेक्षा कमी’. मग प्रश्न ठरलेला : ‘म्हणजे डॉक्टर, आतड्याचा कॅन्सर नाही ना?’

त्या ओळीत हे उत्तर नसतं. माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी १९६५ साली सीईए हे प्रथिन आतड्याच्या गाठींमध्ये शोधलं, तेव्हा रक्त तपासून रोग पकडता येईल अशी मोठी आशा निर्माण झाली होती. ती फार टिकली नाही. रोग पहिल्या टप्प्यात असताना बहुतेकांच्या रक्तात ते वाढलेलं नसतं. उलट रोज पाकीटभर सिगारेटी ओढणाऱ्याचं किंवा यकृताचा आजार असलेल्याचं सीईए कर्करोगाशिवायही वाढतं. शस्त्रक्रियेनंतर रोग परततो आहे का, हे पाहायला ही तपासणी आजही कामाची आहे. धडधाकट माणसाच्या पॅकेजमध्ये तिला का घुसवतात, हे पॅकेज विकणाऱ्यांनाच विचारावं.

आता बोलबाला आहे तो डीएनएचा. पेशी मरते तेव्हा तिच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. पेशींबाहेर, प्लाझ्मातही असा डीएनए असतो, हे मँडेल आणि मेते या फ्रेंच संशोधकांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं. गाठीतल्या पेशीही मरतात, त्यांचेही तुकडे रक्तात येतात. मग अडतं कुठे? थोडा हिशेब मांडू. दहा मिलीलीटरच्या नळीतून चारएक मिलीलीटर प्लाझ्मा निघतो. निरोगी माणसाच्या इतक्या प्लाझ्मात जनुकसंचाच्या ढोबळमानाने पाच-सहा हजार प्रती सापडतात आणि त्या बव्हंशी रक्तपेशींच्याच असतात. गाठ लहान असेल आणि तिचा वाटा दहा हजारांत एक असेल, तर हवा तो तुकडा त्या नळीत आलेलाच नसण्याची शक्यता जास्त. मग यंत्र कितीही महागडं असो, जे नळीत नाही ते ते कुठून दाखवणार? म्हणून एकाच जनुकातला बिघाड शोधण्याऐवजी डीएनएवरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा (कर्करोगात त्या बदलतात) एकदम शेकडो-हजारो जागी वाचायच्या, असा मार्ग संशोधकांनी धरला. एका जागेचा तुकडा निसटला तरी दुसऱ्या जागेचा हाती लागतो. शिवाय या खुणा पेशी कोणत्या अवयवाची तेही सुचवतात.

बिघाड शोधण्यात आणखी एक फसगत आहे. वय वाढतं तसे अस्थिमज्जेतल्या पेशींतही कर्करोगासारखेच जनुकीय बदल साठत जातात. तुकडा आतड्याचा की पांढऱ्या पेशीचा, हे वेगळं करावं लागतं. त्यात नमुन्याची ने-आण. साध्या नळीत घेतलेलं रक्त बोरिवलीच्या कलेक्शन सेंटरवर दुपारपर्यंत पडून राहिलं आणि मग बाइकवरून प्रयोगशाळेत गेलं, तर तेवढ्यात पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळतो आणि आधीच क्षीण असलेला माग आणखी पुसट होतो. यासाठी पेशी न फुटू देणाऱ्या खास नळ्या आहेत. त्या महाग आहेत.

इतक्या अडचणींतून वाट काढत अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी ‘शील्ड’ ही रक्तचाचणी उभी राहिली. जुलै २०२४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने ती ४५ वर्षांवरच्या, सर्वसाधारण धोका असलेल्यांसाठी मान्य केली. तिच्या ७,८६१ जणांच्या अभ्यासात कर्करोग निघालेल्या ६५ पैकी ५४ जण पकडले गेले, म्हणजे ८३ टक्के. पहिल्या टप्प्यातले मात्र ६५ टक्केच. आणि कर्करोगाआधीच्या वाढलेल्या गाठींपैकी सापडल्या जेमतेम १३ टक्के.

माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा हा १३चा आहे. आतड्याचा कर्करोग बहुधा पॉलिपमधून, म्हणजे अशाच कर्करोगाआधीच्या गाठीतून, दहाएक वर्षं घेत तयार होतो. पॉलिप दुर्बिणीतून काढून टाकला की पुढचा कर्करोगच टळतो. ही सोय फार थोड्या कर्करोगांत आहे. पण पॉलिप आतड्याच्या अस्तरातच असतो, रक्तवाहिन्यांत शिरलेला नसतो. त्याच्या पेशी गळतात त्या आतड्याच्या पोकळीत, शौचावाटे जायला. रक्तात तो जवळपास गप्पच असतो. तंत्रज्ञान सुधारेल, पण ही शरीररचना बदलणार नाही.

आपल्याकडे गणित आणखी अवघड होतं. शील्डच्याच अभ्यासात मोठी गाठ वा कर्करोग नसलेल्या दर दहांपैकी एकाचा रिपोर्ट चुकीने पॉझिटिव्ह आला. आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा काही पटींनी कमी आहे. समजा, मुलुंड-घाटकोपरच्या दहा हजार निरोगी लोकांत दहा जणांना रोग आहे. चाचणी आठांना पकडेल आणि हजाराच्या आसपास लोकांची झोप उडवेल. त्या सगळ्यांची कोलोनोस्कोपी कोण करणार, कुठे आणि कोणाच्या पैशाने? पालिकेच्या रुग्णालयांतल्या रांगा पाहिलेल्याला हा प्रश्न उगाच वाटणार नाही. सरकारी तपासणी कार्यक्रमात आज तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग आहेत, त्यामागेही हेच गणित आहे.

परळच्या टाटा रुग्णालयाने एका वर्षात आलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांचं सरासरी वय ४७ निघालं. म्हणजे अमेरिकेची ४५ची अट इथे जशीच्या तशी लावली, तर बरेच रुग्ण तपासणीच्या वयात बसणारच नाहीत. त्यातल्या १३ टक्क्यांची गाठ ‘सिग्नेट रिंग’ या आक्रमक प्रकारची होती. पाश्चात्त्य देशांत तो क्वचित दिसतो. तिथल्या लोकांवर जोखलेली चाचणी इथल्या गाठीवर तशीच चालेल, हे गृहीत धरता येत नाही. आणि ५७ टक्क्यांना शौचावाटे रक्त जात होतं. अशा माणसाला चाळणी चाचणीची गरजच नाही, त्याला सरळ तपासायला हवं. प्रत्यक्षात तो लोकलच्या डब्यातली ‘मूळव्याध-भगंदर, बिना ऑपरेशन’ची चिकटपट्टी वाचून आधी तिकडे जातो.

भारतातही कंपन्या उतरल्या आहेत. नाशिकची दातार कॅन्सर जेनेटिक्स रक्तात फिरणाऱ्या गाठीच्या पेशी शोधते. स्तनाच्या कर्करोगाच्या तिच्या चाचणीला २०२१ मध्ये अमेरिकी प्रशासनाने ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे तपासणीच्या रांगेत पुढचा नंबर, मान्यता नव्हे. बातम्यांत हा फरक बऱ्याचदा गाळला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या स्ट्रँड लाइफ सायन्सेसने मिथाइल खुणा वाचणारी ‘कॅन्सरस्पॉट’ बाजारात आणली.

चाचणीने रोग ओळखला म्हणजे जीव वाचला असं नाही, हे मुंबईइतकं क्वचितच कोणत्या शहराने तपासून पाहिलं असेल. टाटा रुग्णालयाने १९९८ मध्ये इथल्या झोपडवस्त्यांतल्या दीड लाख स्त्रियांवर प्रयोग सुरू केला. व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून गर्भाशयमुख पाहायचं आणि हाताने स्तन तपासायचे, तेही प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं. स्तनांच्या तपासणीचा निकाल यायला २०२१ उजाडलं. रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला होता, पण एकूण मृत्यूंतली घट ठामपणे सांगण्याइतकी नव्हती. ती दिसली पन्नाशीपुढच्या स्त्रियांत. शील्डला मान्यता मिळाली ती कर्करोग किती ओळखला यावर. मृत्यू किती टळले, हे त्या अभ्यासात मोजलेलंच नाही.

(पुढील आठवड्यात : शौचातल्या न दिसणाऱ्या रक्ताची तपासणी)