बंदिस्त मांजराची मृगयावृत्ती

शहरांतील बहुमजली इमारतींत पाळलेली अनेक मांजरे जन्मभर सदनिकेचा उंबरठा ओलांडीत नाहीत. वाहने, कुत्री व संसर्ग यांपासून त्यांचे रक्षण होते, हे निःसंशय. परंतु पोट भरलेले व दिवसभर निजून राहणारे मांजर सुखीच असले पाहिजे, हा रूढ समज कितपत सयुक्तिक आहे, याचा विचार प्राणिवर्तनशास्त्राच्या दृष्टीने होणे अगत्याचे आहे.

घरगुती मांजर हे पश्चिम आशियातील रानटी मांजराचे वंशज होय, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने स्पष्ट झाले. धान्याच्या कोठारांतील उंदरांमागोमाग ते मानवी वस्तीत आले, आणि मानवानेही शिकारीवाचून दुसरे काम त्यास क्वचितच सांगितले. त्यामुळे त्याची मृगयावृत्ती आजही अक्षुण्ण आहे. दबा धरणे, झडप घालणे, मारणे व खाणे या तिच्या पायऱ्यांमागे स्वतंत्र प्रेरणा असतात, असे जर्मन वर्तनशास्त्रज्ञ पाउल लायहाउझेन यांनी प्रतिपादिले. १९७६ साली ॲडमेक यांच्या प्रयोगात, आवडते अन्न खात असलेल्या मांजरांपुढे उंदीर येताच ती खाणे सोडून त्यास मारण्यास धावली. सारांश, भरलेली ताटली भूक भागविते. शिकारीची प्रेरणा भागवीत नाही.

या प्रेरणेस वाव नसलेल्या व स्वास्थ्य नसलेल्या जीवनाचे परिणाम शरीरावरही होतात. ओहायो राज्य विद्यापीठात २० मूत्राशयदाहग्रस्त व १२ निरोगी मांजरांचे निरीक्षण करण्यात आले. नित्यक्रमात अकस्मात बदल घडताच निरोगी मांजरांतही अन्नत्याग व तबकाबाहेर मलमूत्रविसर्जन वाढल्याचे २०११ साली नमूद झाले. त्यापूर्वी २००६ साली त्याच विद्यापीठातील बफिंग्टन व सहकाऱ्यांनी ४६ रुग्ण मांजरांच्या घरगुती परिसरात सुधारणा करविली. १० महिन्यांच्या अवधीत मूत्रविकाराची लक्षणे व भित्रेपणा घटला. या अभ्यासात तुलनेसाठी नियंत्रित गट नव्हता, ही मर्यादा मात्र ध्यानात ठेवावयास हवी.

उपाय खर्चिक नाहीत. ते समजून योजावे लागतात, इतकेच. दोरीस बांधलेले पीस उंदराप्रमाणे सरपटत, थांबत व दडत नेल्यास मांजर दबा धरते. शेवटी ते त्याच्या पंजात सापडू द्यावे व लगेच थोडे अन्न द्यावे, म्हणजे शिकारीचा क्रम पुरा होतो. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात, बाहेर फिरणाऱ्या मांजरांशी रोज ५ ते १० मिनिटे असा खेळ खेळल्याने त्यांनी घरी आणलेल्या शिकारीत २५ टक्के घट झाली. खेळ मृगयेची जागा काही अंशी घेऊ शकतो, असे यावरून अनुमान निघते. तथापि एकाच खेळण्याचे आकर्षण लवकर ओसरते, व ते बदलताच खेळ पुन्हा जोमाने सुरू होतो, हे साउथॅम्प्टन येथील २००२ च्या प्रयोगांत दिसले. यास्तव खेळणी आलटूनपालटून द्यावीत.

उंच फडताळ, जाळी बसविलेली खिडकी व पुठ्ठ्याचे खोके यांचेही महत्त्व कमी नाही. नेदरलँड्समधील एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांपैकी ज्यांना लपण्यास खोके मिळाले, त्यांचा ताण अधिक लवकर उतरला, असे २०१४ साली आढळले. उलटपक्षी, अन्न खटपटीनेच मिळावे अशी सक्ती इष्ट नव्हे. २०२१ च्या एका अमेरिकी प्रयोगात बहुतेक मांजरांनी आयते अन्नच पसंत केले. खटपट ही निवड असावी, अट असू नये.

तबकाबाहेर घाण करणे हे मांजर घराबाहेर काढले जाण्याचे एक प्रमुख कारण आहे. मालक त्यास खोडी वा सूड मानतो. वस्तुतः ते पुष्कळदा ताणाचे वा व्याधीचे लक्षण असते. म्हणून शिक्षेपूर्वी पशुवैद्यकीय तपासणी, व तदनंतर घराच्या रचनेची तपासणी, हाच शास्त्रीय क्रम होय.