कामापर्यंतचं अंतर

मांडीवर पंजा टेकवून, दर पावलाला कमरेत थोडा वाकत चालणारा माणूस आपल्याकडे तहसील कचेरीत, बँकेत, शाळेच्या स्टाफरूममध्ये हमखास दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, पाय दुखतोय म्हणून दाबून धरलाय. दुखण्याशी त्याचा संबंध नसतो. पोलिओने मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू निकामी केले, की पायावर भार येताक्षणी गुडघा पुढे मुडपतो आणि माणूस कोसळतो. हात मांडीला मागे रेटतो, गुडघा सरळ होतो आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात दुसरं पाऊल पुढे पडतं. स्नायूचं काम हात करतो. म्हणून अशा कारकुनाला जाता जाता दोन फायली आणि पाण्याचा ग्लास घेऊन जायला सांगितलं, तर त्याच्याकडे रिकामा हात एकच असतो.

त्याच्या टेबलावरच्या कामाला यातलं काहीच आडवं येत नाही. संगणक, शिक्के, टिपणी, फोन, गिऱ्हाईक, सगळं बसून होतं. अडचण येते ती कामापर्यंत पोहोचण्यात: फाटकापासून हजेरीच्या यंत्रापर्यंत, यंत्रापासून जिन्यापर्यंत, टेबलापासून रेकॉर्ड रूमपर्यंत. पायाने अधू असलेल्या कर्मचाऱ्यासाठी काय सोयी कराव्यात, या प्रश्नाची सुरुवात माझ्या मते याच मीटरांपासून व्हायला हवी. आपल्याकडे ती दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांपासून होते.

चालणं ही मुळात मोठी काटकसरीची गोष्ट आहे. जमिनीवर टेकलेल्या पायावरून शरीर उलट्या लंबकासारखं पुढे झुकतं. वर चढताना वेगातली ऊर्जा उंचीत साठते, खाली येताना तीच पुन्हा वेगात उतरते. आरामशीर चालीत यामुळे निम्म्याहून अधिक यांत्रिक ऊर्जा परत हाती लागते. अट एवढीच, की दोन्ही पायांनी आपापली पाळी वेळेवर निभावली पाहिजे. एक गुडघा कॅलिपरमध्ये, म्हणजे पायाला बांधायच्या आधाराच्या चौकटीत, कुलूपबंद असला, तर पाय जमिनीला घासू नये म्हणून कंबर उचलावी लागते किंवा पाय बाहेरून गोल फिरवून आणावा लागतो. मग ही फुकटची परतफेड थांबते आणि प्रत्येक पावलाचा खर्च स्नायूंच्या खिशातून जातो.

हा खर्च मोजता येतो. कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस रुग्णालयात रॉबर्ट वॉटर्स, जॅकलिन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाय गमावलेल्या माणसांना चालायला लावून त्यांच्या श्वासातला ऑक्सिजन मोजला. १९७६ साली आलेला त्यांचा निबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो. धडधाकट माणूस आपल्या चालीने मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो आणि शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला सुमारे १२ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. मांडीतून पाय कापलेल्या माणसाने जास्त ऑक्सिजन वापरावा, अशी आपली अपेक्षा असते. पण मिनिटाचा आकडा फारसा बदललाच नाही. बदलला तो वेग. पाय जितका वरून कापलेला, तितकी चाल हळू. शरीराने स्वतःच हिशेब मांडला होता: दम लागू द्यायचा नाही, त्यासाठी वेळ गेला तरी चालेल. वेग घसरल्यामुळे दर मीटरचा खर्च मात्र वाढतो. मांडीतून पाय गेलेल्यांमध्ये तो, वय आणि कारण पाहता, साधारण सव्वापटीपासून पावणेदोनपटीच्या पुढेही जातो. दोन कुबड्यांवर झोका घेत चालणाऱ्याला दर मीटरला जवळजवळ दुप्पट मोजावं लागतं, आणि तिथे वेग कमी करूनही दम वाचत नाही, कारण सगळं शरीर दंडांवर उचललं जात असतं.

आता हे एका कचेरीत आणून बसवू. समजा टेबलापासून रेकॉर्ड रूम ४० मीटरवर आहे आणि दिवसात पंधरा खेपा होतात. जाऊन येऊन १,२०० मीटर. धडधाकट माणसाचा त्यात पाव तास जातो आणि त्याला ते आठवतही नाही. कुबड्यांवरचा कर्मचारी शरीराने जवळजवळ अडीच किलोमीटरची किंमत मोजतो. जेवणानंतर तो ‘सुस्त’ दिसतो, चार वाजता त्याच्या आकडेमोडीत चुका व्हायला लागतात आणि गोपनीय अहवालात ‘कामाचा वेग समाधानकारक नाही’ असा शेरा पडतो. टेबल रेकॉर्ड रूमच्या दाराशी सरकवायला दोन शिपाई आणि दहा मिनिटं पुरतात. अंगठ्याचं यंत्र पहिल्या मजल्यावरून फाटकाजवळ आणायला इलेक्ट्रिशियनचा एक दिवस. अमेरिकेत तिथल्या मालकांनाच विचारून केलेल्या पाहण्यांत वर्षानुवर्षं हेच येतं, की अशा सोयींपैकी निम्म्याच्या आसपास सोयींना काहीच खर्च येत नाही. आपल्याकडे मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या केबिनमध्ये बोलावून घेऊन ‘तुम्हाला काही लागलं तर निःसंकोच सांगा’ असं म्हणणारे साहेब अजून पुष्कळ आहेत.

जिन्याचं गणित आणखी कठोर आहे. आपण चढताना डावा-उजवा पाय आळीपाळीने शरीर उचलतात. गुडघा कुलूपबंद असलेला माणूस दर पायरीला चांगला पायच आधी वर ठेवतो आणि अधू पाय मागून ओढून घेतो. वीस पायऱ्या असतील, तर विसाच्या वीस एकाच गुडघ्याच्या जोरावर चढलेल्या असतात. उतरताना उलट: अधू पाय आधी खाली आणि सगळा भार सावरत वाकणारा गुडघा पुन्हा तोच. एक पाय गमावलेल्या लोकांमध्ये उरलेल्या ‘चांगल्या’ पायाच्या गुडघ्याची झीज जास्त आढळते, ती उगीच नाही. लिफ्ट नसेल तर निदान जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा. एकाच बाजूला असला, तर चढताना उपयोगी पडणारा कठडा उतरताना नेमका चुकीच्या हाताला येतो.

व्हीलचेअरची गोष्ट वेगळी, आणि थोडी अनपेक्षित. गुळगुळीत, सपाट फरशीवर सरावलेल्या माणसाला हाताने खुर्ची ढकलायला चालण्यापेक्षा फार जास्त ऊर्जा लागत नाही. वेगही जवळपास तोच. म्हणजे दोन कुबड्यांवरून धापा टाकत जाण्यापेक्षा लांब अंतराला खुर्ची कधीही किफायतशीर. पण जाड गालिचा आला, चढ आला, की हिशेब फिरतो. १:१२ हा रॅम्पचा मान्य उतार, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरले, तर या उतारावर साडेसात किलो वजन सतत मागे खेचत असतं. लांबी अर्धी केली, की पंधरा किलो. आपल्या बऱ्याच इमारतींना जोत्याच्या चार पायऱ्या असतात. १५ सेंटीमीटरची एक धरली, तर रॅम्प ७.२ मीटर लांब हवा. प्रत्यक्षात तो दीड-दोन मीटरचा, मोटारसायकल चढवण्यापुरता असतो, आणि त्याच्या तोंडाशी मोटारसायकलच उभी असते. अशा घसरगुंडीवर खुर्ची मागे उलटू शकते. तपासणीच्या अहवालात मात्र ‘रॅम्प आहे’ अशी नोंद होते.

रॅम्प चढून आलेली खुर्ची दोन सेंटीमीटरच्या उंबरठ्यापाशी अडते. तिची पुढची चाकं लहान असतात, आणि लहान चाकाला थोडीशी कडसुद्धा भिंतीसारखी वाटते. स्वच्छतागृहात पाणी बाहेर येऊ नये म्हणून बसवलेली संगमरवरी पट्टी नेमकी तेवढीच असते. मोकळं दार ९० सेंटीमीटरचं हवं, आणि आत खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची जागा. हे नसलं तर काय होतं, त्याबद्दल कचेरीत कुणी बोलत नाही. माणूस सकाळपासून पाणी पिणं टाळतो. मज्जारज्जूला इजा झालेल्यांत मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आधीच वारंवार होतो. त्यात आठ तास कमी पाणी. मग रजेचे अर्ज वाढतात आणि त्या अर्जांवर कारण ‘ताप’ असं लिहिलेलं असतं. मला विचाराल तर कुठल्याही कार्यालयाची परीक्षा रॅम्पवर घेऊ नये, स्वच्छतागृहाच्या दारात घ्यावी.

कृत्रिम पाय लावणाऱ्यांची गरज आणखी निराळी. उरलेल्या पायाचा आकार दिवसभर एकसारखा राहत नाही. संध्याकाळपर्यंत तो किंचित आक्रसतो, सॉकेट सैल होतं, कातडी घासते, आणि मग आत एखादा जादा मोजा चढवावा लागतो. उन्हाळ्यात आतला घाम निघायला वाट नसते. त्यामुळे दुपारी दहा मिनिटं पाय काढून पुसायला दार लागणारी एक खोली आणि बसायला खुर्ची ही त्याची सर्वांत मोठी सोय ठरते. ती कुठल्याही यादीत सहसा नसते, कारण यादी करणाऱ्याने कधी पाय काढून ठेवलेला नसतो.

कामाची जागा पाहून पाय घडवल्याचं उदाहरण मात्र आपल्याच देशात आहे. १९६८च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा पाऊल-भाग तयार केला. त्याआधीचे परदेशी पाय बुटात घालायचे, टणक, फारसे न वाकणारे. भारतात ज्याचं काम शेतात, दुकानाच्या गादीवर किंवा जमिनीवर बसून होतं, त्याला ते निरुपयोगी होते. लोक ते घरी नेऊन कोपऱ्यात ठेवत. जयपूर फूट घालून उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, अनवाणी चिखलात उतरता येतं. इथे शेत बदलणं शक्य नव्हतं, म्हणून पाय बदलला. कचेरी बदलणं त्या मानाने किती सोपं!

ते सोपं आहे, हे एका कारखानदाराने शंभर वर्षांपूर्वी आकड्यांनी दाखवलं होतं. हेन्री फोर्डने १९२२ सालच्या आपल्या आत्मकथनात एक मोजणी दिली आहे. त्याच्या कारखान्यात ७,८८२ वेगवेगळी कामं होती. त्यांपैकी अंगाने दणकट माणूसच हवा अशी ९४९. एका पायाच्या माणसाला जमतील अशी २,६३७, आणि दोन्ही पाय नसलेल्यालाही जमतील अशी ६७०. म्हणजे शंभरातली चाळीसहून अधिक कामं एका किंवा दोन्ही पायांवाचून होणारी, तीही मोटारीच्या कारखान्यात. फोर्ड काही संत नव्हता; कामगारांशी त्याचं वागणं आणि त्याची मतं दोन्ही वादग्रस्त होती. पण त्याने माणसाची तपासणी करण्याआधी कामाची तपासणी केली, आणि हे आपल्या नोकरभरतीत आजही अभावाने घडतं. तरीही आपल्याकडे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी स्वतः व्हीलचेअरवरून केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि पुढे ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांना ठाऊक आहे.

कायदा याबाबतीत बराच पुढे गेलेला आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘वाजवी सोय’ करून देणं हे बंधन आहे, उपकार नव्हे. मालकावर अवाजवी बोजा पडू नये, एवढीच मर्यादा. नोकरीत असताना पाय गमावलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. आधीचं काम जमत नसेल, तर त्याच पगाराचं दुसरं पद द्यावं लागतं. गँगरीनमुळे डावा पाय कापावा लागलेल्या एका जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, आधीच्या १९९५च्या कायद्याखाली, २००३ सालीच हे स्पष्ट केलं होतं. कारखाने कायद्याचं ४४वं कलम तर १९४८पासून सांगत होतं, की उभं राहून काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसायची सोय हवी. तो नियम कारखान्यातल्या सगळ्याच कामगारांसाठी होता. दुकानातल्या काउंटरमागे मात्र स्टूल अजूनही शोधावं लागतं.

वर पोहोचण्याइतकंच खाली उतरणंही महत्त्वाचं. आगीची घंटा वाजली की लिफ्ट बंद होते, हे वेगळं सांगायला नको. तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या व्हीलचेअरवाल्याला खाली कोण आणणार, हे आधी ठरलेलं असावं लागतं. २००१ साली न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांपैकी उत्तरेकडच्या मनोऱ्यातून, ६९व्या मजल्यावरून, हातपाय न चालणाऱ्या एका कर्मचाऱ्याला सहकाऱ्यांनी जिन्यावरून सरकणाऱ्या खास खुर्चीतून सुखरूप उतरवलं. ती खुर्ची तिथे होती, कारण १९९३च्या स्फोटानंतर ती विकत घेऊन ठेवली होती.

राहिला तो प्रश्न, जो आपल्या कचेऱ्यांत येत्या काही वर्षांत वारंवार येणार आहे. ‘इतकी वर्षं जिना चढत होते, आता अचानक काय झालं?’ असं सहकारी कुजबुजतात. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. वाचलेल्या पेशी नवे धागे फुटवून पोरक्या झालेल्या स्नायूतंतूंना दत्तक घेतात. मुलाची ताकद बरीचशी परत येते ती यामुळे. पण एकेका पेशीवर मूळच्या कितीतरी पट तंतूंचा भार पडतो. पंधरा ते चाळीस वर्षांनी हे जादा धागे टिकेनासे होतात. नवा अशक्तपणा, थकवा, सांधेदुखी सुरू होते. यालाच पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. चालण्याचा ऑक्सिजन मोजणाऱ्या पथकातल्या डॉ. जॅकलिन पेरी यांनी १९५०च्या दशकात पोलिओची मुलं तपासली होती, आणि पुढे तेच रुग्ण प्रौढपणी नव्या तक्रारी घेऊन आले तेव्हाही त्या त्याच कामात होत्या. जिद्दीने जास्त व्यायाम करण्यापेक्षा पावलं वाचवावीत, विशीत फेकून दिलेला कॅलिपर पुन्हा चढवावा, लांब अंतराला व्हीलचेअर घ्यावी, या दिशेने त्यांचे उपचार जात.

भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला. पल्स पोलिओ मोहीम १९९५ची. त्याआधीच्या पिढीतली पोलिओ झालेली माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. नोकरीला लागताना त्यांच्या ‘कायमस्वरूपी’ प्रमाणपत्रावर लिहिलेला टक्का तोच राहिला, पाय मात्र बदलले. त्यांना तळमजला एकदा दिला की भागलं, असं होणार नाही. टेबल, वेळ, खेपा, खुर्ची हे दर दोन-तीन वर्षांनी त्यांच्याशी बोलून नव्याने बघावं लागेल. १९७८ साली जन्मलेला राज्य सरकारी कारकून ५८व्या वर्षी निवृत्त होईल तेव्हा २०३६ उजाडलेलं असेल.