बेताच्या पैशात टिकाऊ लॅपटॉप

हैदराबादेच्या जोडशहरात, सिकंदराबादेस, पार्कलेनवर चिनॉय ट्रेड सेंटर नावाचा संगणकांचा मोठा बाजार आहे. कचेऱ्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप दुरुस्त होऊन तेथे विक्रीस येतात. घरात सर्वांत मिळून एकच यंत्र घ्यावयाचे, तर नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा असे जुने यंत्र आम्हांस अधिक पसंत पडते. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही मुळातच रोज राबण्यासाठी घडविलेली यंत्रे होत. त्यांची बिजागरी भक्कम असते आणि सुटे भागही मिळतात.

परंतु येथे एक मेख आहे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली; विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर बहुधा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. तेव्हा किमतीआधी पिढी विचारावी. ‘आय५-८२५०’ असे लिहिले असेल तर पहिला ८ हा पिढीचा आकडा. ‘आय५-६३००’ कितीही स्वस्त मिळाला तरी आम्ही तो घेणार नाही.

मेमरी ८ जीबी आणि फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असावी. बॅटरी झिजलेली असण्याचाच संभव अधिक. नवीचा खर्च सौद्यातच धरावा. झाकण दहादा उघडून मिटून पाहावे, दुकानदार कुरकुरला तरी चालेल! हमी मात्र पावतीवर लिहूनच घ्यावी.