युरोपची सामाईक बाजारपेठ आणि आपले सचिन

स्मरणिकेसाठी यंदा ‘उद्योग आणि आरोग्य’ या विषयावर काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा युरोपातील बाजारपेठेच्या नियमांवर लिहितो असे मी सांगितले. त्यावर मंडळातील एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, “डॉक्टर, सचिनच्या माणसाला ब्रुसेल्सशी काय देणेघेणे?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यासाठी मला एका रुग्णाची हकीकत सांगावी लागेल, आणि तीत माझी चूकही आहे.

पन्नाशी उलटलेले हे गृहस्थ मूळचे खानदेशातले. आपल्यापैकी अनेकांचे वडील ज्या भुसावळ-सुरत गाडीने इकडे आले, त्याच गाडीने तेही ऐन विशीत आले. आरंभीची काही वर्षे त्यांनी रंगाची भुकटी तयार करणाऱ्या एका लहान कारखान्यात काढली, पुढे एका डाइंग मिलमध्ये रंग तोलण्याच्या कामावर ते लागले. लघवीतून रक्त जाते, वेदना मात्र मुळीच नाही, ही त्यांची तक्रार. मी संसर्ग समजून प्रतिजैविके दिली. रक्त थांबले, पुन्हा आले. मग खडा असेल म्हणून सोनोग्राफी सुचविली. पैशाअभावी ती लांबली. वेदनारहित रक्तस्राव म्हणजे मूत्राशयाचा कर्करोग नाही हे सिद्ध होईपर्यंत तोच धरावा, हा पाठ विद्यार्थिदशेत मी घोकला होता, पण त्याची आठवण व्हायला मला तीन महिने लागले. दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा गाठ स्पष्ट दिसली. त्याहून मोठी चूक अशी, की या तीन महिन्यांत मी त्यांना ‘काम काय करता’ एवढेच विचारले होते. ‘मिलमध्ये’ या उत्तरावर मी समाधान मानले. कोणत्या खात्यात, कशाशी हात लागतो, पूर्वी कोठे होता, हे विचारलेच नाही.

निदान सांगितल्यावर त्यांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, आमच्या मिलच्या मालाला तर बाहेरचा दाखला आहे. त्याच्यात काही वाईट नाही म्हणून लिहिलेलं असतं. मग मला हे कसं झालं?”

या दाखल्याचे मूळ युरोपच्या बाजारपेठेत आहे, म्हणून प्रथम ती बाजारपेठ समजून घेऊ.

१९५७च्या रोम कराराने युरोपातील सहा देशांनी सामाईक बाजारपेठेचा संकल्प सोडला. मालाला सीमेवर अडवायचे नाही, हे तिचे मूळ सूत्र. लोकांच्या आरोग्याच्या रक्षणासाठी माल अडविण्याची मुभा करारात होतीच, परंतु तिच्या आडून प्रत्येक देश आपल्या उत्पादकांची सोय पाहू लागला. याचा निकाल १९७९ साली लागला तो एका मद्यामुळे! फ्रान्समधील कासिस नावाचे फळांचे मद्य जर्मनीत विकता येईना, कारण जर्मन नियमांप्रमाणे त्यात मद्यार्क कमी होता. मद्यार्क कमी म्हणून आरोग्याला धोका, हा युक्तिवाद युरोपीय न्यायालयाने अर्थातच मानला नाही. एका देशात कायदेशीरपणे विकला जाणारा माल दुसऱ्या देशाने अडवू नये, असा दंडक न्यायालयाने घालून दिला. मात्र सार्वजनिक आरोग्य, ग्राहकाचे रक्षण अशा खऱ्याखुऱ्या गरजांसाठी अपवाद राखून ठेवला. १९८८ साली डेन्मार्कच्या बाटल्यांच्या खटल्यात पर्यावरणालाही त्या अपवादांत स्थान मिळाले. रिकाम्या बाटल्या परत घेण्याची डेन्मार्कची पद्धत न्यायालयाने मूलतः वैध ठरविली.

तरीही एक भीती उरली. सर्वांत सैल नियम असलेल्या देशाचा माल सर्वत्र जाऊ लागला, तर उत्पादक तिकडेच धावतील आणि नियमांची पातळी खाली घसरत जाईल. यावर १९८७ साली अमलात आलेल्या एकसंध युरोपीय कायद्याने उपाय योजला. आरोग्य, सुरक्षितता, पर्यावरण आणि ग्राहक यांसंबंधी सामाईक नियम करताना संरक्षणाची उच्च पातळी हाच पाया धरावा, असे त्यात लिहिले गेले. माझ्या मते युरोपच्या प्रयोगातील हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. बाजार मोठा करायचा तर नियम ढिले करावे लागतात, ही आपल्याकडची व्यापारी समजूत त्याने खोटी ठरविली. १ जानेवारी १९९३ रोजी ही बाजारपेठ खऱ्या अर्थाने एकसंध झाली, आणि तेव्हापासून तिच्या नियमांची सावली आपल्या जीआयडीसीवर पडू लागली.

आता रंगांकडे वळू. रंग आणि मूत्राशय यांचे नाते वैद्यकाला नवे नाही. १८९५ साली फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी फुक्सिन रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे प्रथम मांडले. पुढे दोष बेंझिडीन, बीटा-नॅफ्थिलअमाइन अशा अॅरोमॅटिक अमाइन्सकडे गेला. अॅझो रंगाच्या रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंचा एक पूल असतो. आतड्यातील व त्वचेवरील जीवाणू तसेच यकृतातील विकरे हा पूल तोडतात. काही रंगांत तो तुटला की ही अमाइन्स मोकळी होतात, यकृतात त्यांच्यावर प्रक्रिया होते आणि अखेर ती मूत्रावाटे मूत्राशयाच्या अस्तराशी तासन्‌तास संपर्कात राहतात. रोग दिसायला वीस-वीस वर्षे किंवा अधिकही लागतात. माझ्या रुग्णाचा विशीतला कारखाना म्हणूनच महत्त्वाचा. अर्थात ते बिडीही ओढत असत आणि तंबाखू हेही या रोगाचे मोठे कारण आहे. तेव्हा सगळा भार रंगावर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही, हे मी त्यांनाही सांगितले.

जर्मनीने १९९४ साली अशी अमाइन्स मोकळी करणारे अॅझो रंग अंगाशी येणाऱ्या वस्तूंत वापरण्यास मनाई केली. त्या काळी निर्यात करणाऱ्यांची कशी धांदल उडाली, हे येथील जुन्या मंडळींना आठवत असेल. भारत सरकारने १९९३ साली बेंझिडीनवर आधारित ४२ रंगांवर बंदी घातली होती. १९९७ साली आणखी ७० अॅझो रंगांची भर पडून हा आकडा ११२ झाला. २००२ साली संपूर्ण युरोपीय संघासाठी निर्देश निघाला आणि कापडात व चामड्यात अशा अमाइन्सची मर्यादा दशलक्षात ३० भाग ठरली. त्यानंतर १ जून २००७ पासून ‘रीच’ हा रसायनांचा व्यापक कायदा अमलात आला. वर्षाला एक टन वा अधिक रसायन युरोपात बनविणाऱ्याने किंवा आणणाऱ्याने त्याची नोंदणी हेलसिंकी येथील संस्थेकडे करायची, आणि ते सुरक्षितपणे वापरता येते हे त्यानेच दाखवायचे. सरकारने धोका सिद्ध करायचा, हा जुना क्रम येथे उलटला. माहिती नसेल तर बाजारही नाही. नोंदणीची शेवटची मोठी मुदत ३१ मे २०१८ रोजी संपली. येथील लहान कारखानदारांना हा खर्च जड गेला, यात शंका नाही.

सुरतेचे कापड मुख्यतः पॉलिएस्टर, आणि त्याला लागतात डिस्पर्स रंग. बेंझिडीनचा प्रश्न सुती कापडाच्या डायरेक्ट रंगांत अधिक होता. डिस्पर्स रंगांचा उपद्रव आपल्याला ओपीडीत वेगळ्या रूपात भेटतो. काखेत, मांडीच्या आतल्या बाजूस, जेथे कपडा घासतो तेथे उठणारा, मलम लावूनही न हटणारा इसब आपण पाहतोच. डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४ हे त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. असा रुग्ण आला की मी आता अंगातल्या कपड्याचा रंग आधी पाहतो.

रंगांचा हा प्रवास स्वयंपाकघरातही गेला. सुदान-१ हाही अॅझो रंगच, मेण व बूटपॉलिशसाठी वापरला जाणारा. २००३ साली फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या मिरचीपुडीत तो सापडला आणि युरोपने तातडीने आयातीवर तपासणीची अट घातली. २००५ साली ब्रिटनमध्ये अशाच मिरचीपुडीपासून बनलेल्या एका सॉसमुळे शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. एका देशाला दोष सापडला की सर्व सदस्य देशांना तात्काळ सूचना देणारी यंत्रणा युरोपात आहे, म्हणून हे घडू शकले. तीच मिरचीपूड आपल्या बाजारात आली असती तर कोणाला कळले असते?

द्राक्षांची कथाही याच जातीची. माझे एक आप्त नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागायतदार आहेत. २०१० साली युरोपात गेलेल्या महाराष्ट्राच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले आणि माल नाकारला गेला. शेतकऱ्यांनी ते चोरून वापरले नव्हते. ते सर्रास वापरात होते, पण आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्याचे नावच नव्हते! त्या हंगामाचा फटका अनेक घरांना बसला. त्यानंतर यादी वाढली आणि शेतकरी फवारणीची वही काटेकोरपणे लिहू लागले. आज त्या आप्तांच्या शेतावर एक बाग ‘एक्स्पोर्टची’ आणि दुसरी ‘लोकलची’. मी एकदा सहज विचारले, “दादा, आमच्या घरी पेटी पाठवता ती कोणत्या बागेची?” ते म्हणाले, “तुमच्यासाठी एक्स्पोर्टचीच की!” मला बरे वाटले, आणि लगेच ओशाळल्यासारखेही झाले.

सीमा मोकळ्या झाल्या की मालाबरोबर कचराही मोकळा होतो. १९७६ साली इटलीतील सेवेसो येथे कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग बाहेर पडला. त्या अपघाताचा विषारी कचरा भरलेली ४१ पिंपे १९८२ साली इटलीबाहेर नेण्यात आली आणि ती कोठे गेली याचा पत्ताच लागेना. १९८३ साली ती उत्तर फ्रान्समधील एका खेड्यात, बंद पडलेल्या कत्तलखान्यात सापडली. त्यानंतर १९८४ साली सीमा ओलांडणाऱ्या घातक कचऱ्यावर पाळत ठेवणारा निर्देश युरोपने काढला.

हे वाचताना सचिनच्या कोणाही डॉक्टरला ६ जानेवारी २०२२ची पहाट आठवेल. आपल्या जीआयडीसीत एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडले गेले, विषारी वायू पसरला, सहा कामगार मृत्युमुखी पडले आणि वीसहून अधिक जणांना सुरतेच्या सिव्हिल इस्पितळात हलवावे लागले. सल्फाइडयुक्त द्रव आम्लधर्मी सांडपाण्यात मिसळला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि त्याची मात्रा वाढली की प्रथम वास घेण्याची शक्तीच जाते. झोपेतल्या माणसाला तर सावध होण्याची संधीच नसते. ते रसायन महाराष्ट्रातील तळोजा भागातील कारखान्यातून आल्याचे तपासात पुढे आले. भिलाडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत, तो काळ आपण पाहिला आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि आपला देशही एका अर्थाने एकसंध बाजारपेठ झाला. घातक कचऱ्याच्या वाहतुकीसाठी प्रत्येक टप्प्यावर सही लागणारे कागद आपल्या २०१६च्या नियमांतही आहेत. टँकर मात्र रात्री कागदांवाचूनही चालतो.

आता रुग्णाच्या प्रश्नाकडे येतो. त्यांच्या मिलच्या कापडाला दाखला होता, कारण ते कापड हॅम्बुर्गमधील एखाद्या स्त्रीच्या अंगाला लागणार होते. तिच्या त्वचेचे रक्षण करण्याचे काम युरोपच्या नियमाने चोख बजावले. त्या निमित्ताने वाईट रंग येथील गोदामांतूनही बऱ्याच अंशी हटले, हा लाभ कामगारालाही झाला, हे नाकारता येणार नाही. परंतु रंगाची भुकटी तोलताना तोंडावर मास्क होता का, खोलीत हवा खेळती होती का, हे कापडाच्या तुकड्याची तपासणी करून कळत नाही. प्रयोगशाळेत जातो तो कापडाचा नमुना, कामगाराच्या लघवीचा नव्हे. तो नमुना तपासणे आपल्याच हाती आहे.

यासंबंधी आपल्यावर कायद्याने एक जबाबदारी आहे, आणि माझ्यासह बहुतेकांनी ती पार पाडलेली नाही. १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ८९नुसार, परिशिष्टातील व्यवसायजन्य रोग असलेला कामगार खासगी डॉक्टरकडे आला, तरी त्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवायचे होते. २०२०च्या व्यवसाय सुरक्षा संहितेतही ही तरतूद राखली आहे. रसायनांच्या संपर्काने होणारा त्वचादाह या यादीत आहे. सचिनमध्ये महिनाभरात आपण सर्व मिळून असे किती रुग्ण पाहतो, आणि त्यांतले किती कळवतो?

मी माझ्या केसपेपरवर आता तीन ओळी छापून घेतल्या आहेत: सध्याचे खाते, हाताळली जाणारी रसायने, पूर्वीची कामे सालासह. ज्या सहकाऱ्यांना नमुना हवा असेल त्यांनी तो जरूर मागून घ्यावा. रुग्णाची गाठ वेळेत निघाली, असे शल्यचिकित्सकांचे म्हणणे आहे. दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी चालू आहे. मागच्या खेपेस ते येताना मिलमधल्या आणखी एकाला घेऊन आले. तो आता त्यांच्या जागी रंग तोलतो. त्याला काही तक्रार नव्हती. मी त्याची लघवी तपासायला पाठविली आणि तिन्ही ओळी भरून घेतल्या.