जुनी फोर्ड गाडी : आधी ब्रेक, मग जोर

जुने यंत्र मोडीत न काढता, त्याला दोन नवे भाग लावून पुन्हा कामाला जुंपायचे, ही सवय काही आपलीच नव्हे. अमेरिकेतील शेतकऱ्यांनी एका मोटारगाडीच्या बाबतीत हेच केले. ती गाडी म्हणजे फोर्डची 'मॉडेल टी'.

१९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. इंजिन चार सिलिंडरचे, ताकद अवघी २० अश्वशक्ती. पण गाडी हलकी व जमिनीपासून उंच, म्हणून चिखलाच्या वाटेवरही चाले. शेतकरी तिचे मागचे चाक जॅकवर उचलून पट्टा जोडीत आणि लाकडे कापायची करवत किंवा पाण्याचा पंप चालवीत. मोठी लोखंडी चाके व जादा गिअर बसवून गाडीचा ट्रॅक्टर करण्याचे तयार संचही बाजारात मिळत.

आज तिकडचे हौशी लोक या गाड्या दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणतात. तिचे भाग अजूनही नव्याने बनतात. मात्र कोणता भाग आधी बसवायचा, यात जिवाचा प्रश्न आहे.

या गाडीचा पायाचा ब्रेक चाकांवर नाही, तो गिअरपेटीतील ड्रमवर आवळतो. तेथून दांडा आणि मागच्या धुऱ्यातील दातेरी चक्रे यांच्यामार्फत चाके थांबतात. म्हणजे मधली एक कडी सुटली, की पाय कितीही दाबा, गाडी थांबत नाही. हाताचा ब्रेक मागच्या चाकांवर असतो खरा, पण तो मुख्यतः उभी गाडी धरून ठेवण्यापुरता.

मागच्या धुऱ्यात मूळचे वॉशर बॅबिट या मऊ मिश्रधातूचे असतात. वर्षानुवर्षांनी ते ठिसूळ होऊन फुटतात. मग मोठे चक्र बाजूला सरकते, दाते एकमेकांना सोडतात आणि ब्रेक जातो. म्हणून जाणते मेकॅनिक रंगरंगोटीपूर्वी धुरा उघडतात व तेथे ब्रॉन्झचे वॉशर घालतात.

चढासाठी पुष्कळजण 'रक्स्टेल' नावाचा दोन गतींचा धुरा बसवितात. गाडीला मुळात पुढचे दोनच गिअर, ते याने चार होतात. ओझे ओढायला सोय उत्तम. पण गिअर बदलताना तो मध्येच अडकला, तर इंजिन व चाके यांचा संबंध तुटतो आणि पायाचा ब्रेकही निकामी होतो. उतारावर असे झाले तर काय होईल, ते सांगायला नको. यावर उपाय म्हणजे 'रॉकी माउंटन' पद्धतीचे जादा ब्रेक. यांचे पट्टे थेट मागच्या चाकांच्या ड्रमवर आवळतात. रक्स्टेल बसवायचा, तर हे ब्रेक आधी बसवावेत.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, हा नियम या गाडीलाही लागू आहे. उलटा झटका बसला तर मनगट मोडते. डिझेल इंजिन हाताने सुरू करणाऱ्यांना हे ठाऊक आहेच.

आपल्याकडे ही गाडी कोणी घेणार नाही. पण ट्रॅक्टरला मोठी ट्रॉली जोडताना, उसाचे दोन थर जादा रचताना हाच प्रश्न स्वतःला विचारावा : ओढण्याची ताकद वाढविली, थांबविण्याची वाढविली काय? ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक सारखे लागतात का, रस्त्यावर ब्रेकची दोन्ही पेडले एकत्र अडकविली आहेत का, हे निघण्यापूर्वी पाहावे. घरची माणसे वाट पाहत असतात.